दुधाळ पाण्यातल्या पिशव्या

खडकीच्या मैनाबाई औषधशास्त्राच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतलं काचसामान धुवायच्या. बावीस वर्षं. भांड्यात आधी काय होतं हे विचारल्याशिवाय त्यांचा हात पाण्यात जात नसे.

संशोधन करणाऱ्या शर्मिलानं एकदा त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. दुधाळ पाण्यात कांद्यासारखे पापुद्र्यांचे गोळे तरंगत होते.

"लायपोसोम म्हणतात, बाई. स्निग्ध पदार्थाच्या पिशव्या, आत कॅन्सरचं औषध. मोकळं सोडलं तर ते सगळं अंग जाळतं. पिशवीतून गेलं तर बरंचसं गाठीत उतरतं."

"पत्ता कोण सांगतं तिला?"

"कुणी नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. पिशव्या तिथे झिरपतात नि अडकतात."

"म्हणजे वाटेत फुटली नाही की झालं."

अठ्ठ्याण्णव साली त्या पिशव्या टिकेनात. दोन महिने औषध गळत राहिलं. शर्मिलानं कच्चा माल बदलला, तापमान बदललं. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "गणपतीपर्यंत नाही जमलं, तर विषय बदला. किंवा कॉम्प्युटरच्या कंपनीत जा. तिथे म्हणे कुणालाही घेतात."

त्या दुपारी मैनाबाईंच्या फेसाळ हातातून साबणाचे दोन थेंब एका चंबूत पडले; त्यात उरलेले लायपोसोम होते. हलवल्यावर पांढरेपणा विरला; पलीकडची खिडकी दिसू लागली. तसल्याच दुसऱ्या चंबूत त्यांनी साधं पाणी घातलं. तो पांढराच राहिला.

त्या नळापाशी उभ्याच राहिल्या. दोन महिन्यांपूर्वी स्टोअरमध्ये भांडी धुवायची नवी पावडर आली होती. फेस दांडगा, वास छान. खळबळायची सवय मात्र जुनीच, तीन पाण्यांची.

धुण्याचं काम ठेकेदाराला द्यायचं घाटत होतं. ऑफिसला निमित्तच हवं होतं. गुपचूप दहा पाण्यांनी धुतलं असतं तर पिशव्या टिकल्या असत्या, कुणाला कळलंही नसतं. पण मग शर्मिलानं वहीत तापमानाला श्रेय दिलं असतं. ते त्यांना सहन होईना.

त्यांनी दोन्ही चंबू तिच्यापुढे ठेवले. "हा साबणानं मेला. तुमचेही माझ्याच हातानं मेले."

शर्मिलानं दोन्ही चंबू उजेडाला धरले. मग ती स्वतःच मोरीशी जाऊन एक चंबू दहा पाण्यांनी धुवायला लागली.

दुसऱ्या दिवशी, दहा पाण्यांनी धुतलेल्या चंबूत औषध गळलं नव्हतं. त्यातला थेंब तिनं काचपट्टीवर ठेवला आणि वही उघडली. "कारण लिहावं लागेल, बाई. सर वाचतील."

"खरं तेच लिहा," मैनाबाई म्हणाल्या, आणि स्टूल ओढून डोळा भिंगाला लावला. "आधी मला बघू द्या."