सहा गोळ्या, दोन हरभरे

सास्तूरच्या शिवारात सहा वाटेकऱ्यांची एकच विहीर. ज्वारीला पाणी द्यायचं आलं की पाळ्या ठरायच्या: दोघांना दिवसाची, चौघांना रात्रीची. काळ्या मातीच्या सहा गोळ्या वळायच्या, त्यातल्या दोन गोळ्यांच्या पोटात हरभरा दडवायचा, गोळ्या घागरीत टाकायच्या. मुठीत हरभरा निघेल त्याला दिवस. फोडलेली गोळी परत घागरीत जात नाही, हा जुना नेम.

चांगुणाचा नवरा अमरदीप रात्री पिकाला पाणी वळवायला दारं धरतानाच साप डसून गेला. तेव्हापासून ती दिवसाच्या पाळीसाठी जीव टाकत होती.

"पहिला हात माझा," रामकिसन म्हणाला. सगळ्यांत मोठं रान त्याचं. "चांगुणे, तू शेवटी. उरलंसुरलं तुझं."

"घाला की पहिला! पहिल्याला सहात दोन, शेवटच्यालाबी सहात दोनच. घागरीला मोठं घर कळत न्हाय."

माणसं हसली. रामकिसन हसला नाही.

त्याच्या मुठीत नुसती माती निघाली. आता पाचात दोन. त्याचा भाऊ योगीराज, त्याचीही माती. चारात दोन. शरणबसप्पाची माती. तिनात दोन. शंभुलिंगनं मूठ उघडली, तीही माती.

घागरीत गोळ्या दोन, आणि हात घालायच्या राहिल्या बायका दोन: म्हातारी सिद्धम्मा आणि चांगुणा. हिशेब सगळ्यांना एकदमच कळला.

"परत वळा गोळ्या!" रामकिसन ओरडला. "समद्या परत टाका!"

"तुमच्या मुठीत हरभरा असता तर टाकला असता व्हय?" चांगुणा म्हणाली.

रामकिसनच्या हातातल्या खोऱ्याचा दांडा तिच्या तोंडावर बसला. दोन दात मातीत पडले. ती घागर पोटाशी धरून कोसळली. योगीराजनं लाथ घातली, बरगडी कडकली. दुसरा दांडा उजव्या मनगटावर आला आणि हात लुळा पडला. चांगुणानं घागर सोडली नाही. उरलेल्या दातांनी तिनं रामकिसनची पोटरी धरली आणि मांस तुटेपर्यंत धरून ठेवली. तो गुरासारखा हंबरला.

"अय्यय्यो! बघत काय ऱ्हायलाव, भाड्यांनो!" सिद्धम्मा मधे पडली. तेव्हा कुठं शंभुलिंगनं दांडा हिसकला.

म्हातारीनं गोळी काढून चुरडली. हरभरा.

"तुझी फोडाया नको, पोरी," शरणबसप्पा खाली बघत म्हणाला. "कळलं समद्यांला."

"फोडते," चांगुणा म्हणाली. डाव्या मुठीतून रक्त, माती आणि हरभरा एकदमच बाहेर आले.

तालुक्याच्या गावी, लोहाऱ्याच्या दवाखान्यात हात बांधून घेऊन, ठाण्यात फिर्याद देऊन ती परतली. पाळीच्या दिवशी भर उन्हात तिनं एका हातानं पाटाचं दार मोडलं, आणि पाणी तिच्या ज्वारीत शिरलं.