गाठींचे चौदा डिसमिस

पुलाच्या मध्यावर काका थांबले आणि म्हणाले, "ताई, बाजू बदलू या. तुमचा डावा हात दमला असेल."

दमला होता त्यांचा उजवा. मी पेटी खाली टेकवली. लोखंडी पेटी, दोन टोकांना दोन कड्या. एक कडी त्यांच्या हातात, एक माझ्या. घरून निघून पाऊण तास झाला होता आणि भंगारवाल्याचं दुकान अजून तेवढंच लांब होतं. निघताना मी रिक्षाचं नाव काढलं होतं. "चाळीस वर्षं हिनं मला पोसलं," काका म्हणाले, "आणि हिला पोचवायला रिक्षा करू? चालत जाऊ या."

पेटीत पाने होते, पकडी, कानशी, दोन हातोड्या, तेलाच्या कुप्या. सगळ्यांच्या वर, मी शिवून दिलेल्या कापडी पिशवीत, चौदा डिसमिस. त्या पिशवीकडे मी निघाल्यापासून बघत नव्हते.

काका शिवणयंत्रांचे मिस्त्री. नात्याने ते माझे कोणी नव्हेत. मी घरी बसून कपडे शिवते, आणि माझं मशीन त्यांनी सव्वीस वर्षं चालतं ठेवलं. पहिल्यांदा आले तेव्हा मी मशीनच्या नावाने पुष्कळ रडगाणं गायले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुई काढली, उलटी बसवली होती ती सुलटी केली आणि म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." मला राग आला. मग हसू आलं. तेव्हापासून मी दुसऱ्या मिस्त्रीला दारात उभं केलं नाही.

त्यांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी लाकडी बाक, त्यावर उघडं पडलेलं कुणाचं तरी मशीन, आणि बाकाच्या उजव्या बाजूला खुर्चीवर काकू. काकूंची नजर चाळिशीतच गेली. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार होता, पुष्कळ डॉक्टर झाले, उपयोग झाला नाही. पहिले सहा महिने त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून असत. मग एक दिवस काकांनी त्यांना हाताला धरून पुढच्या खोलीत आणलं, खुर्चीवर बसवलं, मांडीवर एक ताटली दिली आणि म्हणाले, "स्क्रू पडतात गं माझ्या हातून. एवढे धर."

त्या दिवसापासून काकू कामाला लागल्या. काका स्क्रू काढत आणि बाजूला हात नेऊन ताटलीत सोडत. काकू ते बोटांनी चाचपून ओळीने लावत, पहिला काढलेला डावीकडे, शेवटचा उजवीकडे. हळूहळू डिसमिसही त्याच देऊ लागल्या. काका मशीनवरची नजर न काढता म्हणायचे, "सहा नंबर." आणि उजवा तळवा पसरायचे. सहा नंबर तळव्यावर यायचा.

बाहेरच्या माणसाला सगळे डिसमिस सारखेच. तसे ते नव्हते. प्रत्येकाचं टोक काकांनी दगडावर घासून एकेका स्क्रूच्या खाचेपुरतं केलं होतं. कुठलं जाड, कुठलं कागदासारखं, एक तर इतकं आखूड की मूठच जास्त आणि दांडी कमी. मशीनच्या पोटात हात वाकडा करून तेवढाच जातो. काकू टोकाला हात लावत नसत. त्यांनी प्रत्येक मुठीला दोरा गुंडाळून घेतला होता. कुणाला एक गाठ, कुणाला वेढ्यावर वेढा, कुणाला दोन गाठी आणि मध्ये रिकामी जागा. दोरा माझ्याकडूनच न्यायच्या.

"यांना देवानं दोन डोळे दिलेत," काकू मला म्हणायच्या, "पण समोरचा चष्मा दिसत नाही."

"आणि हिला न दिसता माझ्या खिशातलं सगळं दिसतं," काका म्हणायचे.

अशी एकवीस वर्षं. मग काकू गेल्या. साधा ताप होता, चौथ्या दिवशी गेल्या.

त्यानंतर महिन्याभराने माझं मशीन अडकलं. काका घरी आले, पेटी उघडली, मशीन आडवं केलं. थोडा वेळ काम केलं आणि म्हणाले, "सहा नंबर." तळवा पसरला. नजर मशीनवरच होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तिथून मला तो रिकामा तळवा दिसत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मी पुढे झाले आणि पेटीतला एक डिसमिस त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी मूठ मिटली आणि लगेच म्हणाले, "हा नव्हे गं." मग मान वर करून बघितलं, तर मी.

"माफ करा, ताई," ते म्हणाले, आणि उठून सहा नंबर स्वतः शोधून घेतला.

दोन वर्षं त्यांनी एकट्याने रेटली. हात कापू लागले होते. स्क्रू खाली पडायचे, त्यांना वाकता यायचं नाही, मी फरशीवर गुडघे टेकून शोधायची. अखेर मुलीने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. मुलगी वाईट नाही. दुसऱ्या शहरात दोन खोल्यांत चार माणसं राहतात, त्यात पाचवा सामावून घ्यायला मन मोठं लागतं. काकांचा फोन मोठ्या आवाजावर असल्याने तिचं बोलणं मला ऐकू आलं, "बाबा, कपाटातला एक खण रिकामा केलाय तुमच्यासाठी. हत्यारं आणायचीच असतील तर एक डबा आणा, पेटी नको."

आणि तो डबा तिनेच पाठवला. कुरियरने आला. चष्म्याच्या डबीपेक्षा थोडा मोठा, आत एक मूठ आणि चाळीस टोकं, खाचेत ओळीने बसवलेली. हवं ते टोक काढायचं, मुठीत खोचायचं. काम झालं की पुन्हा जागेवर.

काका डबी घेऊन थेट माझ्याकडे आले. "ताई, मशीन मोकळं आहे का? याची परीक्षा घेऊ."

मला वाटलं, नावं ठेवायला आलेत. पण त्यांनी अगदी प्रामाणिकपणे बघितलं. चाळीस टोकांतली पाच-सहा लावून पाहिली. एकदोन ठिकाणी मूठ जाड म्हणून अडली, पण बाकी सगळीकडे चालली. आणि टोकाला लोहचुंबक होता. स्क्रू सुटला की टोकालाच चिकटून बाहेर यायचा. काकांचा हात कापत होता, टोकाबरोबर स्क्रूही कापत होता, पण पडत नव्हता. चार स्क्रू काढले, चार बसवले. मला एकदाही फरशीवर बसावं लागलं नाही.

"छान आहे की," मी म्हटलं.

"छान आहे. खोट काढायला जागा नाही." त्यांनी डबी मिटली, पुन्हा उघडली. "याला ताटली धरायला कोणी लागत नाही. हातात द्यायलाही कोणी लागत नाही. ताई, हे एकट्या माणसाचं हत्यार आहे."

मी पाणी दिलं. ते पाणी पिऊन गेले.

जुने डिसमिस सोडायला त्यांचं मन तेव्हाही होत नव्हतं. रोज ठरवायचे आणि रोज मोडायचे. एक दिवस चौदाही न्यायचे, दुसऱ्या दिवशी चारच, तिसऱ्या दिवशी नुसती डबी. "लग्न जमवणंसुद्धा सोपं होतं," म्हणायचे.

आणि मग मी ती चूक केली.

आवराआवरीला मदत करायला गेले होते. काका पत्ता बदलायला पोस्टात गेले होते. बाकावर चौदा डिसमिस मांडलेले. मुठींवरचे दोरे तेलाने आणि हातांच्या मळाने काळे, चिकट झालेले. माझ्या मनात आलं, हे असे कळकट लेकीच्या घरी कसे न्यायचे? जावई काय म्हणेल? माझ्या पिशवीत कात्री असतेच. दोरा दिसला की कापायचा, ही हाताची सवय. तीन मुठींचे दोरे कापले, रॉकेलच्या फडक्याने मुठी पुसल्या. लाकूड छान पिवळं निघालं. चौथी हातात घेतली आणि दार वाजलं.

काकांनी आधी त्या तीन पिवळ्या मुठी बघितल्या. मग खाली पडलेले दोरे.

"हे काय केलंत, ताई?"

मला तेव्हा आठवलं. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं, दोरा माझ्याच घरचा होता, आणि मला तेव्हा आठवलं.

"मी परत गुंडाळून देते," मी म्हटलं. "तुम्ही फक्त सांगा, कुठल्या गाठी कुठे."

"मला काय माहीत?" ते बाकावर बसले. "मी टोक बघून ओळखायचो. गाठी तिच्या होत्या. तिची लिपी ती, मला कुठे वाचता येत होती."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. खाली वाकता येत नसताना वाकले, दोऱ्याचे तुकडे गोळा केले आणि खिशात ठेवले. संध्याकाळी मी देवापुढे बसले, पण रोजची प्रार्थना ओठांवर येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी निरोप दिला, "चौदाही पेटीत टाका. सगळं देऊन टाकू. मी डबी घेऊन जातो."

म्हणजे काय न्यायचं ते शेवटी माझ्या कात्रीने ठरवलं होतं. हे डोक्यात घेऊन मी त्या दिवशी पेटीची कडी धरून चालत होते.

भंगारवाल्याने पेटी उपडी केली. पाने एका बाजूला, पकडी एका बाजूला. पिशवीची नाडी सोडून डिसमिस काट्यावर ओतले आणि खिशातून चाकू काढला. "मिस्त्री, हे दोरे-बिरे काढतो हां. दोऱ्याचं वजन करत नाही आपण."

"किती भरेल त्याचं वजन?" काकांनी विचारलं.

"काही नाही हो. पण रीत आहे."

काका दुसरीकडे बघू लागले. रस्त्यावर बघण्यासारखं काहीही नव्हतं. भंगारवाल्याने दोरे राहिलेल्या अकरांतला एक उचलला, आणि मी काट्यावर हात ठेवला.

"हे विकायचे नाहीत."

"बाई, काट्यावर हात नका ठेवू, वजन वाढतं," तो म्हणाला. मग काकांकडे वळला. "मालक कोण तुमच्यात? आधी घरी ठरवून या की!"

"ताई," काका हळू म्हणाले, "लेकीनं एकच डबा सांगितलाय."

"तिच्या घरी. माझ्या घरी मशीनखाली अख्खा खण रिकामा आहे."

मी एकेक उचलून पिशवीत भरला, गाठींचे अकरा आणि बोडके तीन. काका नको म्हणाले नाहीत. पेटी मात्र तिथेच राहिली.

परतताना हात मोकळे होते, आणि मोकळे हात कुठे ठेवावेत हे दोघांनाही कळत नव्हतं. मध्ये पेटी नव्हती, तरी आम्ही तेवढंच अंतर ठेवून चालत होतो. दोन दिवसांनी त्यांची गाडी होती. पुलाच्या मध्यावर, आधी थांबलो होतो तिथेच, ते पुन्हा थांबले.

"ताई, मशीन बिघडलं तर मला फोन कराल?"

"करीन की."

"कुठला नंबर घ्यायचा ते मी सांगेन. तुम्ही शोधायचा. चुकला तर दुसरा." ते कठड्यावर हात टेकून उभे राहिले. "पण तुमचं मशीन मी फार चांगलं करून ठेवलंय. दोन वर्षं त्याला काही होत नाही. तेवढं चुकलंच माझं."

मी हसले. "मग मी असाच फोन करीन."

"असा फोन दोन मिनिटांत संपतो. जेवलात का, तब्येत बरी ना, ठेवू का. तुम्ही मशीन बिघडलंय म्हणून करत जा."

"काका, खोटं मला बोलता येत नाही."

"ते ठाऊक आहे मला." ते पुढे चालू लागले. उताराला लागल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग असं करा. सुईखालच्या पट्टीचा डावीकडचा स्क्रू आहे ना, तो महिन्यातून एकदा सहा नंबरनं अर्धा फेरा सैल करायचा. मशीन खडखडेल. मग मला फोन लावायचा आणि म्हणायचं, काका, मशीन खडखडतंय. ते खरंच खडखडत असेल. फक्त मी विचारेन, तेव्हा कुठला स्क्रू ते लगेच सांगू नका. मला जरा शोधू द्या."