एकशे बेचाळीस नंबरचा डबा

आधीच सांगून टाकतो... असले अनुभव मी चिवडा खाल्ल्यासारखे वाचतो. वेळ छान जातो, विश्वास मात्र बसत नाही. भानामती, करणी, झपाटलेलं झाड — आमच्या परभणीकडं हे पीक पाऊस पडो न पडो, जोरातच येतं. मी पस्तीस वर्षं मशीनं उघडतोय आणि बंद करतोय. मशीन बंद पडतं त्याला कारण असतं. चालतं, त्यालाही कारण असतं. यातल्या दुसऱ्या वाक्याला माझ्या आयुष्यात एकच अपवाद झाला, तो लिहितोय. पटला तर ठीक, नाही पटला तर पुढचं पान उलटा.

मागच्या आठवड्यात हापिसातल्या चाळीस लॅपटॉपच्या डॉकिंग स्टेशनांचं फर्मवेअर अपडेट करत होतो. म्हणजे काय, तर एक बटण दाबायचं आणि निळी पट्टी पुढं सरकताना बघत बसायचं. शेजारचा पोरगा म्हणाला, "सर, पूर्वी हे कसं करायचे हो?" मी म्हणालो, "पेचकस घेऊन." तो हसला. मला मात्र सेलू आठवलं.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायला तेव्हा वर्ष-दीड वर्ष बाकी होतं. गावाला निघायचं तर येष्टी चालू आहे की बंद, हे स्टँडवर विचारूनच निघायचं, अशी सवय लागलेली. मी परभणीत एका कंप्युटरच्या दुकानात सर्व्हिस इंजिनियर होतो. इंजिनियर म्हणजे डिप्लोमा, एक बॅग आणि फिरती. एक दिवस मालकांनी सेलूचं काम दिलं : एका घरी कंप्युटरला जोडलेली बाहेरची डिस्क-पेटी आहे, तिचा कंट्रोलर डिस्क ओळखत नाही, कंपनीनं नवी चिप पाठवलीय, बसवून या.

न समजणाऱ्यांसाठी थोडक्यात. पेटीत हार्ड डिस्क बसवायला दोन खण होते आणि त्या चालवायला एक कार्ड. कार्डावर बोटाच्या दोन पेरांएवढी काळी चिप. डिस्क कशी फिरवायची, कुठून वाचायचं, या सगळ्या सूचना त्या चिपमध्ये. तेच फर्मवेअर. तेव्हा अपडेट म्हणजे जुनी चिप तिच्या खोबणीतून उपटायची आणि नवी दाबून बसवायची. खोबण रिकामी असेल तर कार्ड म्हणजे नुसता पत्रा. हे एवढं लक्षात ठेवा.

घर स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर. दारात गंगाकाकू उभ्या, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. घरमालक बसवंतअप्पा चार महिन्यांपूर्वी गेलेले. आत शिरलो तर तीन भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर डालड्याचे डबे, जवळजवळ दोनशे. प्रत्येकावर ऑइलपेंटनं नंबर. नाव कशावरच नाही.

"ह्यात काय आहे?" मी विचारलं.

"ज्वारी," काकूंची मुलगी उमा म्हणाली. बी.एस्सी. झालेली, मोजकं बोलणारी. "गावोगावची जुनी. दगडी, दूधमोगरा, गूळभेंडी... काहींना नावंच नाहीत, नुसतं कोणाच्या घरची एवढंच. हायब्रीड आलं तसं लोकांनी जुनं बी सोडलं. अप्पा सायकलवर फिरून गोळा करायचे. ज्याचं बी घेतलं त्याला जबान द्यायचे, तुमचं बुडालं तर माझ्याकडं या, परत देईन."

"आणि नावं?"

"वह्यांना वाळवी लागायली होती म्हणून तर अप्पांनी कंप्युटर घेतला. मी सगळं त्यात टाईप केलं. वह्या नंतर वाळवीनं संपवल्याच."

"बॅकअप?"

उमानं फ्लॉपींचा खोका पुढं केला. फ्लॉपींच्या चकत्यांवर पांढरी बुरशी. त्या काळी फ्लॉपींचं असं सर्रास व्हायचं. मी खोका बंद करून परत दिला.

ओसरीत एक म्हातारा मांडीवर रिकामी गोणपाटाची पिशवी घेऊन बसलेला. केरबामामा. पालमकडच्या एका खेड्यातून पहाटेच निघाले होते, तीन गाड्या बदलून सेलूला आलेले.

"दोन साल झाले, हायब्रीड करपून जायलंय," ते मला म्हणाले. "माज्या मायच्या हातची ज्वारी होती. एका पान्यावर यायची. आमी येडे, सोडून दिली. अप्पाला दिलं होतं शेरभर बी. आता रान तयार हाय, वल हाय... बी न्हाई."

"मग डब्यात बघून ओळखा की."

"धा डबे बघितले सकाळपासून. दाना सारखाच दिसतो, सायेब. कणीस असतं तर अंधारात वळखलं असतं."

उमानं हळूच सांगितलं, बी तिसऱ्या वर्षात गेलंय. अप्पा होते तोवर दर दोन वर्षांनी थोडं थोडं पेरून ताजं करायचे. यंदा पेरलं नाही तर उगवायचं नाही. केरबामामांचंच नाही, पुष्कळ डब्यांचं तसंच होतं. थोडक्यात, डिस्कवरची यादी निघाली तर ते बियाणं, नाही तर दोनशे डबे पाखरांचं खाद्य. मला वाटलं होतं चिप बदलायची, चहा प्यायचा आणि दोनची पॅसेंजर पकडायची. मनातून वैतागलोच, खरं सांगतो. दुसऱ्याच्या बापाचं आयुष्य असं आपल्या पेचकसाखाली आलेलं मला आवडत नाही.

पेटी उघडली. जुनी चिप काढताना कट्कन आवाज झाला. एक पाय तुटला. म्हणजे आता माघार नाही, चालली तर नवी चिपच चालणार. तुटकी चिप मी बॅगेतल्या काळ्या फोममध्ये टोचून ठेवली. नवी तिच्या शेजारीच होती, ती उचलणार तेवढ्यात लाईट गेली.

"गेली ती तासाभराची," काकू म्हणाल्या. "चला, जेवून घ्या अगोदर. भाकर निवायलीय."

"काकू, आधी काम—"

"अंधारात काय काम करता? अन् उपाशी मानसाच्या हाताला यश नसतं. उठा."

उठलो. भाकरी, पिठलं, ठेचा. केरबामामाही पंगतीला होते. माणूस काही खात नव्हता, घास नुसता फिरवत होता. काकूंनी मला वाटेत खायला म्हणून आणखी दोन भाकरी पितळेच्या डब्यात बांधून दिल्या. म्हणाल्या, "डबा आठवणीनं आनून द्या, माज्या मायचा हाय." मी हो म्हणालो.

लाईट साडेतीनला आली. केरबामामांची परतीची येष्टी पाचची. उमा खुर्ची ओढून बसलेलीच होती. मी आलो तर पेटीवर झाकण होतं, स्क्रू तेवढे बाकी. आता इथं माझी चूक. लाईट जायच्या आधीच आपण चिप बसवली, झाकण लावलं, असं मी धरून चाललो. का धरलं, विचाराल तर... हात सवयीचे असले की डोकं सुट्टीवर जातं. चारही स्क्रू आवळले आणि बटण दाबलं.

पेटीवरचा हिरवा दिवा लागला. डिस्क फिरल्याचा आवाज आला. आधी बारीक, मग एकसारखा. स्क्रीनवर यादी उमटली.

उमा ओरडली, "आई!" आणि रडायलाच लागली. स्क्रीनवर धडाधड नावं सरकत होती. गाव, शेतकऱ्याचं नाव, कधी पेरलं, कणीस कसं, कोणत्या डब्यात. मी तिला म्हणालो, "रडू नंतर, आधी कॉपी कर." माझ्याकडच्या दोन कोऱ्या फ्लॉप्या दिल्या. मग प्रिंटर लावला. तो टर्रर्र करत पानं ओकत बसला. जवळजवळ पाऊण तास हे चाललं. पाऊण तास मी त्या पेटीशेजारी बसून होतो, हात पोचेल इतक्या अंतरावर. हे मुद्दाम लिहितोय.

"मामा!" उमा कागद धरून ओसरीकडं पळाली. "एकशे बेचाळीस!"

केरबामामांनी डबा स्वतः उघडला. वरची राख आणि लिंबाचा पाला बाजूला सारला, मूठभर दाणे हातात घेतले आणि तसेच कपाळाला लावले. मी आत येऊन आवराआवर करायला लागलो.

नवी चिप बसवली की पेटीवर कंपनीचा स्टिकर चिकटवायचा असतो. तो काढायला बॅग उघडली.

फोममध्ये दोन चिपा होत्या. एक पाय तुटलेली. एक नवी कोरी.

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. पेटी समोर चालूच होती, दिवा हिरवा, डिस्क फिरतेय. पहिल्यांदा वाटलं कंपनीनं दोन पाठवल्या असतील. पण पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : एक नग. मी बटण बंद केलं. स्क्रू काढले. झाकण उचललं.

खोबण रिकामी होती. म्हणजे चिप नव्हती. पायांच्या भोकांच्या दोन रांगा आणि मधल्या जागेत, नीट मध्यावर, ज्वारीचा एक दाणा.

"हे... हे कोणी ठेवलं?"

काकू चहा घेऊन आल्या होत्या. "म्या ठेवला," त्या सहज म्हणाल्या. "तुमी हात धुवायला गेलते तवा बघितलं, येवढी मोठी पेटी अन् मधी जागा खाली. खाली ठिवू नाही, बरकत जाते. तवा असो, डबा असो, कायबी असो. म्हनलं दाना टाकावा. अन् धूळ जायलीय म्हनून वरून झाकलं. का, काय बिघडलं का?"

"काकू, चिप बसवलीच नव्हती मी."

"मग बसवा की आता."

उमा दारात थांबली होती. तिला कळलं. तिनं एकदा खोबणीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी विचारलं, "काकू, कोणत्या डब्यातला दाणा?" तर म्हणाल्या, "काय मालूम. खाली सांडलेला उचलला."

मी दाणा बाजूला काढून नवी चिप बसवली. अगदी व्यवस्थित, दोनदा तपासून. बटण दाबलं. कार्ड लगेच जागं झालं, दिवा लागला — आणि डिस्क खट्, खट्, खट् करत राहिली. वाचली नाही. बंद-चालू केलं, केबल बदलली, दुसऱ्या खणात लावली. काही नाही. परभणीला नेऊन पुढं महिनाभर डोकं घातलं, त्या डिस्कवरचं एक अक्षरसुद्धा परत निघालं नाही. ती मेलेली होती. कधी मेली, हे मी सांगू शकत नाही.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. कार्डात आतच आणखी सूचना असतील? कंपनीला पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं : चिपशिवाय हे कार्ड सुरूच होत नाही, कृपया चिप नीट बसवावी. काकूंनी नंतर चिप काढली असेल? स्क्रू मी आवळले होते, मीच उघडले, आणि मध्ये मी जागचा हललो नव्हतो. आम्हाला भास झाला? मग ती छापलेली पानं कुठून आली? आणि हो, दुकानात कोणी नसताना मी तोच दाणा त्याच खोबणीत ठेवून बटण दाबून पाहिलं. एकदा नाही, पाच-सहा वेळा. दिवासुद्धा लागला नाही. स्वतःची लाज वाटली, पण पाहिलं.

संक्रांतीच्या पुढं उमाचं कार्ड आलं. "केरबामामांची ज्वारी उगवली, कणसं भरली. काल येऊन अप्पांच्या फोटोपुढं सव्वापट बी ठेवून गेले. पिशवी नवीन शिवून आणली होती." बाकीचे डबेही दोन हंगामांत पेरून ताजे केले, असं नंतर कळलं.

काकूंचा पितळेचा डबा माझ्याकडं राहिला. एकदा द्यायला निघालोही होतो. घासून पुसून लख्ख केला, आणि दारातच बायको म्हणाली, "अहो, रिकामा डबा देतात का कोणी? काहीतरी घाला त्यात." लाडू घालावेत, साखर घालावी... काहीच जुळेना. त्या डब्याच्या बदल्यात काय घालायचं? मी परत आत आलो. मग नोकरी बदलली, पुण्याला आलो, आणि एक दिवस काकू गेल्याचं कळलं. त्या दिवशी मी पोटभर रडलो. का, हे बायकोला नीट सांगता आलं नाही.

डबा आता माझ्या टेबलावर असतो. आत तो दाणा आहे आणि पाय तुटलेली चिप. उमाचा अधूनमधून फोन येतो. परवा म्हणाली, "आणून द्या की हो आता, आईचा हाय तो." देईन म्हणालो. पण त्यात काय भरून द्यावं, ते मला अजून सुचलेलं नाही. आणि पाऊण तास ती पेटी कशावर चालली, तेही नाही.