मिठागरातले पाय

बी.कॉम. झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती नवीन पनवेलच्या एका चपला-बुटांच्या शोरूममध्ये. आईने शेजारपाजारी पेढे वाटले. काम काय आहे ते मात्र मला पहिल्या दिवशी कळलं. दिवसभर उभं राहायचं, आणि ग्राहक आला की त्याच्या पायाशी बसायचं.

एकदा एक गृहस्थ फोनवर बोलत बोलत आत आले, बाकावर टेकले आणि माझ्याकडे न बघताच त्यांनी पाय पुढे केला. मी बूट चढवत होते, लेस बांधत होते, सोडत होते. समोर खोक्यांचा ढीग झाला. शेवटी ते फोनमध्येच म्हणाले, "अरे, हाच ऑनलाइन स्वस्त पडेल," आणि उठून गेले. मी मागच्या गोडाऊनमध्ये जाऊन रडले.

आमच्याकडे एक जुने सेल्समन होते. तळोज्याकडचे कोकणी मुसलमान, अर्धं आयुष्य आखातात बूट विकण्यात गेलेलं. सगळे त्यांना चाचा म्हणत. ते चहाचा कप घेऊन आत आले.

"रडलीस? अच्छा झालं. मी पण मस्कतला पहिल्या महिन्यात रडलो होतो. आता चहा पी, तोंड धू आणि सहा नंबरची सँडल काढ. बाहेर बाई थांबलीय."

यापेक्षा जास्त सांत्वन त्यांनी कधी कोणाचं केलं नाही. पण त्या दिवसापासून माझा दुपारचा चहा तेच आणायचे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर पळस्प्याकडच्या एका गावातून एक आगरी आजी आल्या. नऊवारी, गळ्यात भरगच्च सोनं, बरोबर मुलगा. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि डॉक्टरांनी रोज बूट घालून चालायला सांगितलं होतं. मी पुढे बसले तशी आजींनी पाय झटकन लुगड्याखाली ओढून घेतले.

"नको बाय. हात नको लावू. लय खराब हायेत माजे पाय."

"आजी, माझं कामच आहे ते."

"मिठागरात गेली सगली उमर. बघ, बोटं कशी फाकलीत."

हळूच एक पाय बाहेर आला. टाच भेगाळलेली, बोटं पंख्यासारखी पसरलेली. आमच्याकडचा बायकांचा एकही बूट त्या पायात जाईना. प्रत्येक वेळी करंगळी बाहेर राहायची आणि आजी स्वतःच हसायच्या. मुलगा वैतागला. "आये, चल. दुसरीकडं बघू."

"सगलीकडं त्येच हाय रं," त्या म्हणाल्या. आता हसल्या नाहीत.

मला राहवेना. मी पुरुषांच्या रॅककडे गेले आणि चांगला रुंद, राखाडी, पट्ट्याचा एक जोड घेऊन आले. मुलाने बघितलं मात्र, "अवो, ह्ये तर जेन्ट्सचे हायेत!"

आजी म्हणाल्या, "पायाला काय म्हायती?"

पाय अलगद आत गेला. आजी उभ्या राहिल्या. आधी आरशापर्यंत गेल्या, मग काचेचा दरवाजा ढकलून थेट बाहेर. वॉचमन उठला, मी मागे धावले. फुटपाथवरून नऊवारी आणि राखाडी बूट ताठ मानेने चालले होते. वडापावच्या गाडीपर्यंत जाऊन आजी वळल्या आणि माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"दुखत नाय," त्या म्हणाल्या. स्वतःचाच विश्वास बसत नसल्यासारखं पुन्हा म्हणाल्या, "खरंच, दुखत नाय." आणि दोन्ही हातांनी माझे गाल धरले. आत येईपर्यंत माझे डोळे भरले होते. चाचांनी ते बघितलं आणि चहा आणायला गेले.

पुढच्या आठवड्यात दुकानासमोर एक टेम्पो थांबला. आजी पुढे आणि मागे गावातल्या बायकांची रांग. "आमाला बी म्हातारीसारखेच दे!" चाचा आणि मी दोघंही खाली बसलो, उठायला दुपार उलटली. बाक पुरेनात, बायका खोक्यांवर बसल्या, एकमेकींच्या पायांवरून मनसोक्त थट्टा चालली होती. एरवी आमच्यावर ओरडणारे मॅनेजर स्वतः पाण्याचे ग्लास फिरवत होते.

जाताना आजींनी पिशवीतून डबा काढला. तांदळाची भाकरी आणि सुकट. "जेवला नसाल तुमी. बसा, माज्यासमोर खा."

दुकानात खायला सक्त मनाई होती. चाचांनी मॅनेजरकडे बघितलं, मॅनेजरांनी दरवाजाकडे, आणि मग त्यांनीच पहिला घास घेतला.

एसी दुकानातला सुकटीचा वास काही केल्या जाईना. दुसऱ्या दिवशी ग्राहक आत येत, नाक वर करून इकडेतिकडे बघत. मॅनेजर गंभीर चेहऱ्याने फवारा मारत फिरत होते, आणि चाचा व मी खाली मान घालून, हसू दाबत, रिकामी झालेली रॅक भरत होतो.