नॅपकिनवरची फुली

श्रूजबरीतल्या आमच्या मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, कुणी क्रूझ बुक केल्याचं कानावर पडलं, की काका पेन काढून पेपर नॅपकिन पुढ्यात ओढायचे. "व्हॅलेटा बंदराला एक दिवस मिळतो ना? पुरतो. पण माझं ऐकायचं." मग बंदर, पायऱ्यांची गल्ली, किल्ला, सगळं बाणांसकट. 'माझं ऐकायचं' हे दर दोन बाणांनंतर. मी त्यांची नक्कल करून पार्किंग लॉटमध्ये हशा मिळवायचो.

आमची क्रूझ ठरली तेव्हा त्यांनी नकाशातल्या चर्चमागे एक फुलीही काढली. "इथे बाक आहे. तुझ्या काकूचे गुडघे दुखत होते. तिला इथे बसवून मी तीन तास एकटा किल्ला बघत फिरलो. तू पाच मिनिटं बसून ये. माझं ऐकायचं."

काकूंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

त्या नॅपकिनला मी जहाजावरच पिझ्झाचे हात पुसले. गावात उतरलो, तो अख्खा दिवस उकळलेला, दुधाचा चहा शोधण्यात घालवला. मिळाला नाहीच.

पुढच्या पॉटलकला काकांनी हातातली प्लेट खाली ठेवून विचारलं, "बसलास?"

"बसलो की! काय समुद्र दिसतो हो काका तिथून!"

काका म्हणाले, "तिथून समुद्र दिसत नाही. समोर भिंत आहे. तुझी काकूही असंच म्हणाली होती, मला वाईट वाटू नये म्हणून. तू कशासाठी म्हणालास?"

काका अजूनही नकाशे काढून देतात. फुली मात्र कुणालाच काढून देत नाहीत.