खिडकीतलं ओलं तरट

मिलिंद गायकवाड गेल्याचा फोन आला तेव्हा मी एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये चाळणीवर सोयाबीन टाकत होतो. मशीन बंद करायचंही सुचलं नाही. साफ झालेलं बियाणं पोत्यात पडत राहिलं आणि मी नुसता बघत उभा राहिलो... त्याच आठवड्यात तर भेटलो होतो. माझ्या एका प्रश्नाचं उत्तर तो देणार होता.

मिलिंद माझा शाळेपासूनचा दोस्त आणि पुढे माझा कर सल्लागार. त्याची एक खोड सगळ्या जालन्याला ठाऊक होती. बियाण्याच्या धंद्यातल्या माणसानं मोठा प्रश्न आणला, की तो त्याच्याकडूनच मूठभर बी मागून घ्यायचा, ओल्या तरटात गुंडाळून ऑफिसच्या खिडकीत ठेवायचा आणि म्हणायचा, "उगवलं की ये." पेरणीआधी उगवण तपासायची आपली ही घरगुती रीत त्यानं सल्ल्याला लावली होती. लोक चिडायचे. मी तर फार चिडायचो. पण घाईत दिलेला सल्ला शेवटी पक्षकाराच्याच अंगाशी येतो, असं त्याचं म्हणणं होतं.

झालं असं, की एका परदेशी बियाणे कंपनीनं माझं युनिट घ्यायची तयारी दाखवली. मोठा हिस्सा त्यांचा, बाकीचा माझ्याकडे. खरं सांगतो, मी थकलो होतो. गुडघे गेलेत, धूळ छातीत बसलीय, भागीदार असलेला धाकटा भाऊ केव्हाच वैतागलाय. माझी अट एकच होती. छोट्या धंद्याला उलाढालीच्या ठरावीक टक्क्यावर नफा धरून कर भरायची जी सोपी सवलत आहे, ती चालू राहावी. शेड तेच, मशीन तेच, निवडणाऱ्या बायका त्याच, मग सवलत का जाईल? आमच्या भागात सगळ्यांचा हाच समज.

हेच मिलिंदला विचारलं होतं; मी दिलेलं बी उगवल्यावर त्यानं बोलावलं.

"न्हाई भेटणार, अश्फाक. सवलत शेडला न्हाई देत, मालक कोण ते बघून देतेत. आज तुमची दोघा भावांची भागीदारी हाय म्हणून मिळती. त्यांना पैसा घालायला कंपनी काढावी लागंल. कंपनी झाली की बंद."

"परदेशी म्हणून?"

"न्हाई रे. देशी कंपनीलाबी न्हाई. कंपनीचा दर येगळा, हिशेब बराबर ठेवायचे, ऑडिट करायचं. अन् ते काम माझ्याकडं न्हाई राहणार, पुण्याचं कुणीतरी करंल."

"मंग न्हाई इकत. जाऊ दे."

तो हसला. दम लागल्यासारखा हसला, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. "कराचं निमित्त कशाला करतो? तुला इकायचंच न्हाई. की खरंच इकायचंय? सांग."

"तूच सांग," मी म्हणालो. त्यानं माझ्या खिशातलं बी मागितलं, तरट पुन्हा ओलं केलं. "उगवू दे मंग," म्हणाला. ती आमची शेवटची भेट.

मातीनंतर काही दिवसांनी ऑफिसात गेलो. त्याची बायको, सुनंदावहिनी, एकट्याच आवरत होत्या. खिडकीत तरट तसंच होतं, ओलं.

"तुम्ही पाणी घालताय?"

"मंग? तुमचा सवाल बाकी हाय ना, भाईसाब."

त्यांनी तरट उलगडलं. दाणा न् दाणा उगवला होता, पांढरे मोड एकमेकांत गुंतले होते. मला रडू आलं, आणि रागही आला. एवढं सांगून जायला काय झालं होतं याला! वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. या खोलीत पहिल्यांदाच उत्तर मला द्यायचं होतं.

"इकतो, वहिनी," मी म्हणालो. "लई थकलो."

त्यांनी मान हलवली, मोड माझ्या रुमालात बांधून दिले आणि तरट धुऊन खिडकीतच वाळत घातलं. त्या रस्त्यानं गेलो की मी अजून वर बघतो. तरट आता कोरडं असतं.