माहेर आलं मंचरला

माझ्या सासऱ्यांइतका सावकाश माणूस भीमाशंकराच्या डोंगरापासून पुणे-नाशिक रस्त्यापर्यंत दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका उतावळाही झाला नाही. गाडी चालवताना सावकाश, काळजी करताना उतावळे. सगळी हयात एसटीची गाडी घाटातून वरखाली करण्यात गेली, त्यामुळे पुढच्या वळणावर काय वाढून ठेवलंय याचा विचार वळण यायच्या आधीच करून ठेवायची सवय. निवृत्त होऊन तळेघरच्या वरच्या अंगाला भाताची खाचरं बघत बसले, तरी उजवा पाय अजून नोकरीतच आहे. दुसऱ्याच्या गाडीत बसले की तो ब्रेक दाबतो. लग्नाच्या पंगतीत वाढपी रस्सा घेऊन जोरात आला की दाबतो. मी त्यांच्या लेकीला बघायला गेलो तेव्हा माझं बोलणं चालू असताना तो सारखा दाबला जात होता. त्याचा अर्थ मला लग्नानंतर कळला. मंचरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि मी बोलायला लागलो की उताराला लागलेल्या गाडीसारखा थांबत नाही, हे एव्हाना तुमच्याही ध्यानात आलं असेल.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरचं. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे बायकोचं माहेर म्हणजे हा एकटा माणूस. त्यांनी आपल्या परीने डिंकापासून बाजेपर्यंत सगळी तयारी केली, आणि आमची थोरली निघाली पायाळू. डोकं वर, पाय खाली. घाईघाईत ऑपरेशन झालं, तेही पूर्ण भूल देऊन. पोर ठणठणीत, आई ठणठणीत. पण सासरे माझ्यासमोर येऊन उभे राहिले ते अपघात केलेल्या ड्रायव्हरसारखे.

"पावणं, सगळ्या नोकरीत माझा पत्रा कुठं घासला न्हाई. आन् तुमची सवारी आमच्या गाडीत असताना ह्ये व्हावं?"

मी समजूत घालायला म्हणालो, "आबा, सिझरचं काय एवढं! आजकाल सगळ्यांचंच होतं." त्यावर खाटेवरून बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहून मलाही एखादा ब्रेक असता तर बरं झालं असतं असं वाटलं. तिचं दुःख वेगळंच होतं. ती शुद्धीवर येईपर्यंत सगळ्या भावकीने पोरीला मांडीवर घेऊन झालं होतं. "माझी पोर, आन् मी शेवटच्या नंबरात," असं ती पुढे कितीदा तरी म्हणाली. त्यात माझी एक चुलती येता-जाता तिला ऐकवायची, "तुला काय म्हाईत गं बाई कळा!"

म्हणून पुन्हा दिवस गेले तेव्हा तिने पहिल्याच तपासणीला डॉक्टरबाईंना विचारलं, "ह्या वेळी माझं मला होईल का?" मी मध्येच मोबाईलवर वाचलेलं सगळं ज्ञान बाईंना देऊ लागलो. बाईंनी मला बाहेरून पाणी आणायला सांगितलं. मी पाणी घेऊन आलो तर त्या सांगत होत्या, "मागचं ऑपरेशन बाळ पायाळू होतं म्हणून झालं. ह्या वेळी डोकं खाली राहिलं तर नॉर्मलचा प्रयत्न करू. पण आत जुना टाका आहे, कळांच्या जोराने तो उसवण्याचा थोडा धोका असतो. म्हणून कळा सुरू झाल्या की लगेच इथे यायचं. घरी काढे नाहीत, एरंडेल नाही. आणि बाळाचे ठोके बिघडले तर वाट बघायची नाही, ऑपरेशन." शेजारी बसलेल्या सासऱ्यांचा पाय प्रत्येक वाक्याला फरशीत रुतत होता.

दुसरं बाळंतपण सासरचं, हा रिवाज. पण सासऱ्यांचं म्हणणं, "पयलं धरूच नका. ती फेरी आर्ध्यात ऱ्हायली. आता पुरी करायची, आन् माहेरचीच." मी म्हणालो, बाईंनी डोंगरावर जायला मनाई केलीय, तिथून गाडी मिळेपर्यंत काय व्हायचं ते होऊन जाईल. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी आमच्याच गल्लीत, आमच्या दारासमोरची खोली भाड्याने घेतली. तांदळाचं पोतं, नाचणीचं पीठ, गॅसची शेगडी, सतरंजी असं सगळं माहेर वरून खाली आलं. शेजारच्या ताईंना बोलावून त्यांनी लेकीची ओटी भरायला लावली आणि बॅग उचलून तिला गल्लीच्या पलीकडे नेलं. जाताना ती मला म्हणाली, "पोचल्यावर फोन करते." आणि केलाही!

मग आठवा-नववा महिना मी माझ्याच गल्लीत जावई म्हणून जेवायला जात होतो. सकाळी ते लेकीला व्यायाम करायला लावायचे. उकिडवं बसण्याचा व्यायाम बाईंनीच सांगितला होता. ती डोंगरात भात लावून वाढलेली, सहज बसायची, सहज उठायची. मला वाटलं, नवऱ्याने सोबत करावी. मी बसलो. उठायची वेळ आली तेव्हा कमरेत अशी उसण भरली की मी तसाच, बेडकासारखा, खोलीच्या मध्यभागी राहिलो. पायाळू माणसाने लाथ मारली की उसण जाते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. सासऱ्यांनी थोरलीला बोलावलं. पण त्यांना शंका आली. "ही पायाळू खरी, पण दारातनं आली न्हाई, खिडकीतनं काढली. गुण येईल का?" शेजारच्या ताई म्हणाल्या, "पाय तर तेच हायेत ना, आबा?" ही चर्चा मी बेडकाच्या अवस्थेत ऐकत होतो. शेवटी तीन वर्षांच्या पोरीने बापाला लाथ घातली आणि मी तोंडावर पडलो. उसण गेली की नाही ते माहीत नाही. नाकाला इतकं लागलं होतं की कमरेची आठवणच राहिली नाही. बायको मात्र पोट धरून हसली, आणि सासरे ओरडले, "हसू नगंस, धक्का बसंल!"

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी, बाजाराच्या दिवशी. दवाखाना हायवेच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. पण सासऱ्यांनी ओळखीच्याची जीप आणून, मागे गादी अंथरून ठेवली होती. थोरलीला ताईंकडे ठेवून आम्ही निघालो. ते गाडी इतकी हळू चालवत होते की बाजूने शेळ्या पुढे गेल्या. मला त्यांनी गाडीच्या पुढे चालायला लावलं होतं, मी हात वर करून "खड्डा!" ओरडायचं आणि त्यांनी तो चुकवायचा. हायवेला लागलो आणि कांद्याच्या ट्रकांमध्ये अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, सगळीकडे हॉर्न. सासरे घामाघूम. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि बायको खाली उतरली.

"तुमी दोघं या निवांत. मी जाते."

कमरेवर एक हात ठेवून ती ट्रकांमधून चालू लागली. कळ आली की एखाद्या ट्रकचा फाळका धरून थांबायची, गेली की पुन्हा चालायची. ज्या ट्रकाला धरलं त्याचा हॉर्न बंद व्हायचा. "पावणं, पळा! फाइल घ्या!" सासरे ओरडले, रस्त्यात गाडी सोडणं त्यांच्याने होईना. मी पिशवी उचलून पळालो. दवाखान्यात पोचलो तेव्हा ती टेबलावर होती. नर्सने फाइल मागितली. मी पिशवी पुढे केली. तिच्यात नाचणीच्या भाकरी आणि ठेचा होता.

संध्याकाळपर्यंत तिने कळा दिल्या. मी तिचा हात धरला होता, म्हणजे तिने माझा धरला होता. माझी दोन बोटं पुढे आठवडाभर वाकत नव्हती. बाई मधूनमधून "छान चाललंय" म्हणत होत्या. मग एकदा त्यांनी ठोके ऐकले. पुन्हा ऐकले. "बाळ दमायला लागलंय," त्या म्हणाल्या. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण बायकोच आधी बोलली. "करा, बाई. लवकर करा."

ह्या वेळी भूल कमरेखाली होती. पोरगी बाहेर आली तेव्हा नर्सने तिला आधी आईच्या गालाला लावलं. भावकीचा नंबर नंतर लागला.

वॉर्डात सासरे आले ते टोपी हातात घेऊन. फोनवर एकामागून एक नातेवाईक विचारत होते, "नॉर्मल का सिझर?" ते सगळ्यांना एकच सांगत होते, "पोरगी झाली." बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. "आबा, न्हाई जमलं."

माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "मला कुठं नॉर्मल पायजे व्हतं? मी पयल्यापासनं म्हनतोय, आपरेशन बरं. ह्ये सगळं ह्या पावण्यांचं खूळ. मोबाईलवर वाचत्यात आन् आपल्याला पळवत्यात."

"हो ना," मी म्हणालो. "माझंच खूळ." एवढ्या वर्षांत सासऱ्यांच्या बोलण्याला मी पहिल्यांदाच इतक्या झटपट मान डोलावली. ती हसली, "हसवू नका ओ, टाके दुखत्यात" म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. ती बराच वेळ रडली. सासरे तिच्या पायाशी बसून तिची पावलं दाबत राहिले. एकदाही त्यांनी "उगी" म्हटलं नाही.

बाईंनी सांगितलंय, आता पुन्हा असा प्रयत्न नको. आम्हालाही दोन पोरी पुरे आहेत. म्हणजे ती गोष्ट आता राहिली ती राहिली. भातलावणीच्या तोंडावर सासरे खोली सोडून वर निघून गेले. परवा त्यांनी फोन केला, दोन्ही नातींची चौकशी केली आणि फोन बंद करायचा विसरून तो खिशात टाकला. पलीकडून बांधावरचा आवाज येऊ लागला. कुणाला तरी सांगत होते, "आरं, कळा घेत चालत गेली माझी लेक! लई ट्रक! आख्खा हायवे थांबला, राव!" ऐकणारा म्हणाला, "काय सांगता!" मग पुन्हा सुरुवातीपासून, जीपच्या गादीपासून. ह्या खेपेला ट्रक वाढले होते.

बायको धाकटीला पाजत बसली होती. त्यांचे पैसे उगाच जायला नकोत म्हणून मी फोन बंद करायला हात पुढे केला. तिने नुसती मान हलवली. राहू दे.